आदरणीय सुभेदार साहेबांस जाहीर आभारपत्र

ठाणे (पूर्व)

आदरणीय सुभेदार साहेब,

सादर नमस्कार.

लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर आपण कोपरीत स्थायिक झालात आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या सभागृहात, जो येईल त्याला प्रथमोपचार शिकवू लागलात. युक्रेनला जाण्यापूर्वी मी आपल्याकडे आले, त्याला आता बराच काळ लोटला. आपले नाव कुठेही छापू नये, अशी आपली सक्त ताकीद असल्यामुळे ते इथे लिहीत नाही. आभार मात्र जाहीरपणेच मानायचे आहेत, कारण आपण जे शिकवलेत ते आमच्या व्यवसायात फार थोड्यांच्या वाट्याला येते.

मोठ्या वृत्तसंस्था आपल्या माणसांना युद्धक्षेत्रात पाठवण्याआधी प्रशिक्षण देतात, बुलेटप्रूफ जाकीट देतात, विमा उतरवतात. माझ्यासारखे मुक्त पत्रकार पदरमोड करून जातात आणि त्यांच्या साध्या प्रवास विम्यातून युद्धात झालेली इजा बहुधा वगळलेलीच असते. आमच्याहूनही उघड्यावर असतात ते स्थानिक दुभाषे, ड्रायव्हर आणि कॅमेरामन, कारण बातमी देऊन आम्ही परत निघतो तेव्हा त्यांचे घर त्याच भडिमाराखाली असते. त्यांची नावे बातमीखाली क्वचितच येतात, हे मला फार लागते.

लिबियातील मिस्राता शहरात २० एप्रिल २०११ रोजी छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन आणि ख्रिस हॉन्ड्रोस मारले गेले, ती हकीकत आपण पहिल्याच दिवशी माझ्याकडून नीट ऐकून घेतली होती. हेदरिंग्टनच्या मांडीच्या सांध्याजवळ तोफगोळ्याचा तुकडा लागला आणि रुग्णालयाच्या वाटेवर रक्तस्रावाने त्याचा जीव गेला. रक्त रोखण्याचे ज्ञान सोबत्यांना असते तर कदाचित तो वाचला असता, हे कळल्यावर त्याचा पत्रकार मित्र सेबास्टियन युंगर याने मुक्त पत्रकारांना असे प्रशिक्षण देणारी संस्था काढली. त्यावर आपण एवढेच म्हणालात, “मांडीची मुख्य धमनी तुटली तर हातात मोजून काही मिनिटे असतात. चला, खाली बसा.”

मग फरशीवर बसवून आपण माझ्याच मांडीवर टूर्निकेट, म्हणजे कांडी पिळून आवळायचा रक्त रोखणारा पट्टा, बांधायला लावलात. सांध्यावर नाही, जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला. कांडी इतकी पिळायची की पावलावरची नाडी लागेनाशी झाली पाहिजे. डोळ्यांत पाणी आले तरी आपण “अजून एक पिळा” म्हणत राहिलात, कारण अर्धवट आवळलेला पट्टा रक्त थांबवत नाही, उलट वाढवतो. पट्टा बांधल्याची वेळ मार्करने लिहायची आणि डॉक्टरांच्या हाती जाईपर्यंत तो सैल करायचा नाही. जिथे पट्टा बसत नाही, त्या जांघेत किंवा काखेत, उशीत कापूस ठासावा तशी जखमेत पट्टी ठासून वर दोन्ही हातांनी भार द्यायचा. त्यासाठी आपण जाड स्पंजला भोक पाडून आणले होते. हे सगळे पुढे डोळे मिटून, एका हाताने करवून घेतलेत. त्या वेळी ते मला अतिरेकाचे वाटले होते.

युक्रेनमधल्या खारकीव्ह शहराच्या बाहेर आमच्या गाडीजवळ गोळा पडला, तेव्हा आमच्या ड्रायव्हरच्या मांडीतून रक्त उसळत होते. आधी आडोसा, मग जखम, हा आपला क्रम आठवला म्हणून मी त्याला ओढत भिंतीमागे नेले आणि पट्टा बांधला. धुळीने डोळे उघडत नव्हते, पण हातांना काम ठाऊक होते. त्याचा पाय वाचला आणि तो आज चालतो. त्याच्या पत्नीने आपल्याला नमस्कार सांगितला आहे; तो या पत्रातून पोहोचवते.

या प्रशिक्षणाने सगळे टळत नाही, हेही आपणच सांगितले होते. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी दक्षिण लेबनॉनमध्ये ‘प्रेस’ असे लिहिलेली जाकिटे घालून उघड्यावर उभ्या असलेल्या पत्रकारांवर इस्रायली रणगाड्यातून मारा झाला. रॉयटर्स वृत्तसंस्थेचे इसाम अब्दल्ला जागीच ठार झाले आणि एएफपी या वृत्तसंस्थेच्या क्रिस्टिना आस्सी यांचे पाय जबर जखमी झाले. त्यांचा सहकारी टूर्निकेट बांधायला धावला आणि पहिल्या माऱ्यानंतर अवघ्या ३७ सेकंदांनी दुसरा मारा झाला. आस्सी वाचल्या, पण त्यांचा उजवा पाय गमवावा लागला. ११ मे २०२२ रोजी पॅलेस्टाइनमधील जेनिन शहरात अल जझीरा वाहिनीच्या पत्रकार शिरीन अबू अक्लेह यांच्या अंगावर जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट होते, तरीही डोक्यात गोळी लागून त्या गेल्या. आपल्या देशाचे छायाचित्रकार दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानातील स्पिन बोल्डाक येथे मारले गेले, त्याआधी त्याच दिवशी त्यांच्या दंडाला तुकडा लागला होता.

जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधील (पुरवणी करारातील) कलम ७९ प्रमाणे युद्धक्षेत्रातील पत्रकार हा नागरिकच मानला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००६ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पत्रकारांच्या संरक्षणाचे ठराव केले. तरीही ऑक्टोबर २०२३ पासून गाझात इतके पत्रकार मारले गेले आहेत की १९९२ पासून अशा नोंदी ठेवणाऱ्या ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ या पत्रकार संरक्षण समितीला इतका जीवघेणा काळ पूर्वी नोंदवावा लागला नव्हता. मरणारे जवळजवळ सगळे तिथलेच रहिवासी आहेत, कारण परदेशी पत्रकारांना तिथे स्वतंत्रपणे जाऊ दिलेले नाही. मारणाऱ्यांना जाब विचारला जात नाही, तोवर अंगावरचे ‘प्रेस’ हे अक्षर ढाल ठरण्याऐवजी नेमका निशाणा ठरू शकते, असे माझे ठाम मत झाले आहे.

एक विनंती करून थांबते. आपण मला दिलेल्या मराठी टिपणांची नीट छापील पुस्तिका करून ती ठाणे जिल्ह्यातील वार्ताहरांना आणि कॅमेरामनना मोफत द्यावी, अशी आम्हा काही सहकाऱ्यांची इच्छा आहे. दंगल, इमारत कोसळणे, महामार्गावरचा अपघात, सगळीकडे आमची माणसे पहिल्या काही मिनिटांत पोहोचलेली असतात. आपण मजकूर एकदा तपासून द्यावा. आपले नाव त्यावर घालणार नाही, हा शब्द देते. पहिल्या वर्गाला पट्टे, कात्री आणि स्पंज आम्ही आणू. आपण फक्त यावे आणि माझ्या वेळी झालात तितकेच कठोर व्हावे.

आपली कृतज्ञ,
एक मुक्त पत्रकार