रिपोर्ट 'नॉर्मल' आला, गोळी बंद झाली

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत कोलेस्टेरॉलवर पानभर मजकूर होता. लसूण, मेथ्या, जवस, रोजचं चालणं. जवसाची चटणी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ताटात आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांना डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे, त्यांच्यासाठी त्यात एक ओळही सापडली नाही. म्हणून हे पत्र.

गंगाखेडला माझं औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. काउंटरवर महिन्यातून चार-पाच वेळा तरी हेच ऐकतो: "मालक, रिपोर्ट नॉर्मल आला की! आता बीपीची तेवढी द्या, ती कोलेस्टेरॉलची राहू द्या." मी सांगतो, अहो, गोळी चालू आहे म्हणूनच आकडा खाली आलाय. समोरचा हसतो. दुकानदार माल खपवतोय असं त्याला वाटतं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं.

शेतकऱ्याला मी विहिरीचं उदाहरण देतो. मोटार चालू आहे तोवर पाणी खाली दिसतं. मोटार बंद करा, झरा विहीर परत भरतो. इथे झरा म्हणजे आपलं यकृत. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीरच तयार करतं, त्यात यकृताचा वाटा मोठा; ताटातून येतं ते थोडं. म्हणून तर वारीला जाणारा, अंड्याला न शिवणारा माळकरी माणूस रिपोर्ट हातात घेऊन विचारतो, "मला कुठून आलं हे?" त्यात त्याचा दोष नाही, आणि कोलेस्टेरॉल हे काही विषही नाही. पेशींची आवरणं, पित्त, हार्मोन्स यांना ते लागतंच. त्यातलं एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, प्रमाणाबाहेर वाढलं की मात्र रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचत जातं. स्टॅटिन, म्हणजे डॉक्टर लिहून देतात ती कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, यकृतातला हा झरा आवळते आणि मग यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेऊ लागतं. हे औषध पहिल्यांदा सापडलं ते बुरशीत, 1973च्या सुमारास, जपानच्या अकिरा एंडो यांना. गोळी सोडली की काही आठवड्यांतच आकडा मूळ जागी येतो. दुखत काहीच नाही, त्यामुळे कळतही नाही.

लोक गोळी का सोडतात, यावर मी बराच विचार केलाय. एक तर चिठ्ठीवर '30 दिवस' लिहिलेलं असतं. टायफॉइडचा कोर्स संपतो तसा हाही संपला, असा सरळ अर्थ लावला जातो. दुसरं, लॅबच्या कागदावर मर्यादेबाहेरचा आकडा ठळक छापतात. ठळक नाही म्हणजे सगळं ठीक! पण ती मर्यादा सगळ्यांसाठी सरसकट छापलेली असते. एलडीएल 98 हा आकडा धडधाकट माणसाला चालून जाईल. ज्याला एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसलाय, त्याचा 70च्याही खाली आणायला डॉक्टर सांगतात, हल्ली तर 55च्या. हे त्या कागदावर कुठेच नसतं.

माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने अशीच गोळी सोडली. आठ महिन्यांनी रात्री झटका आला आणि त्याला गाडीत घालून नांदेडला न्यावं लागलं, दुसऱ्यांदा. गोळी सोडली म्हणूनच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तंबाखूही चालूच होती. पण ती पट्टी शेवटची कधी नेली, हे माझ्या वहीत होतं आणि त्याच्या मुलाने ते वाचलं.

उगाच सगळ्यांना गोळी लागते असंही नाही. वय, बीपी, साखर, तंबाखू, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला का, हे पाहून डॉक्टर ठरवतात. काहींचे स्नायू खरंच दुखतात. त्यांनी डॉक्टरांना सांगावं, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात हेच औषध स्वस्त मिळतं. (माझं नुकसान करून सांगतोय!)

जाता जाता तेलाच्या डब्यांबद्दल. त्यावर मोठ्या अक्षरांत 'कोलेस्टेरॉल फ्री' छापतात. अहो, कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. पामतेलातही नसतं, पण त्यातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड, गारठ्यात थिजणारी) असते आणि एलडीएल वाढवते ती हीच. करडईच्या तेलात ती फार कमी. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे वाण काढले, आणि आपण घाण्याचं तेल सोडून डब्यावरचं 'फ्री' वाचत बसलो.

पुरवणीत पुढच्या वेळी मेथीच्या शेजारी एवढी एक चौकट छापा: रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. ती कापून मी काउंटरच्या काचेखाली लावीन. माझ्यापेक्षा छापील अक्षरावर लोकांचा विश्वास जास्त आहे.

आपला,
एक औषधविक्रेता, गंगाखेड (जि. परभणी)