जखम भरली नाही, दोष मात्र तिच्या माथी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील ‘आरोग्य आपल्याच हाती’ हा लेख वाचला. आहार, चालणे आणि वेळेवर झोप यांविषयी त्यात जे सांगितले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या हलगर्जीपणामुळेच आजारी पडतो, असा जो निष्कर्ष लेखकाने काढला आहे, तो वाचून मी पुरवणी मिटवून ठेवली. काल दिवसभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या आईला गेली पाच वर्षे स्मृतिभ्रंश आहे. रात्री दोन-अडीचला ती उठते, दाराशी जाते आणि ‘मला माझ्या घरी जायचंय’ म्हणत कडी काढू लागते. माझ्या पत्नीने त्या कडीला घुंगरू बांधून ठेवले आहेत. ते वाजले की ती उठते, आईला हाताला धरून अंथरुणावर आणते आणि तिचा डोळा लागेपर्यंत पाठीवरून हात फिरवत बसते. तीन वर्षांपूर्वी मोरीच्या कट्ट्याची कड लागून पत्नीच्या नडगीला जखम झाली. रुपयाच्या नाण्याएवढीही नसलेली ती जखम भरायला अडीच महिने लागले. दवाखान्यात साखर दोनदा तपासली, दोन्ही वेळा ठीक निघाली. तरीही ‘काकू, पथ्य पाळत नाही तुम्ही, पट्टी भिजवत असाल’ हे दर खेपेला ऐकवले गेले. केसपेपरवर तंबाखू आणि मिश्रीची चौकशी होती. रात्री किती वेळा उठावे लागते, घरात हाताखाली कोण आहे, हे एकदाही कोणी विचारले नाही. शेजारच्या खुर्चीत बसून मीही ते सांगितले नाही, याची बोच मला आजही आहे. बाहेर आल्यावर पायऱ्या उतरताना ती म्हणाली, ‘माझंच काहीतरी चुकत असेल.’

पुढे माझी धाकटी बहीण पंधरा दिवस राहायला आली, रात्रीची पाळी तिने स्वतःकडे घेतली आणि त्याच दिवसांत जखम सुकू लागली. एका घरातील अनुभवावरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळते. परंतु नेमका हाच प्रश्न अमेरिकेतील ओहायो राज्यातील संशोधकांनी तपासला होता आणि त्यांचा निबंध १९९५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि वयाने व घरच्या उत्पन्नाने त्यांच्याशी जुळणाऱ्या, पण ते ओझे नसलेल्या १३ स्त्रिया, अशा दोन गटांत प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम करण्यात आली. दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांना सुमारे ४९ दिवस लागले. सततच्या ताणाने जखम भरून आणणारी शरीराची यंत्रणाच मंदावते. त्यात पथ्याचा किंवा पट्टीचा काय दोष?

‘हृदयविकार तर निव्वळ सवयींचा आजार’ हे लेखातील विधानही असेच अर्धवट आहे. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सुमारे १८ हजार सरकारी नोकरांची पाहणी झाली. त्यांत उपाशी कोणी नव्हते आणि उपचार सर्वांनाच मोफत होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील निरोप्ये-द्वारपालांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या तुलनेत तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही या तफावतीचा मोठा भाग शिल्लकच राहिला. कामावर आपल्या शब्दाला किती किंमत आहे आणि अडीअडचणीला हाक मारावी असे कोणी आहे का, याचाही परिणाम हृदयावर होतो, हे त्यानंतरच्या संशोधनातून पुढे आले आहे. डॉक्टर असलेल्या लेखकाने ते वाचकांपासून दूर ठेवावे, याचे मला वाईट वाटते.

आणखी एक. लेखाच्या शेवटी ‘गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ असे लिहिले आहे. आमच्या तालुक्याच्या गावी ते पंधरवड्यातून एकदा येतात. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. तिचा क्रमांक १४४१६. हे पाच आकडे छापायला अर्धी ओळ पुरली असती. त्याच पानावर वजन घटवण्याच्या चूर्णाच्या जाहिरातीला मात्र चौथाई पान मिळाले आहे. पुढच्या रविवारी तो क्रमांक ठळक अक्षरांत छापावा, ही कळकळीची विनंती.

पत्नीने तुमचा लेख अजून वाचलेला नाही. पुरवणी मी कपाटात ठेवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक, जि. सातारा