आमच्या 'कारंजा'चं नाव पाण्यावर परत आणा : बंदरे मंत्र्यांना खुले पत्र

मा. बंदरे मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी उरणच्या कारंजा बेटावरून रेवसला जाणाऱ्या लाँचचा नेहमीचा उतारू. लाँच लागेपर्यंत धक्क्यावर उभ्या होड्यांची नावं वाचायची माझी जुनी खोड. तेलरंगात देवीचं नाव, लेकीचं नाव, नाळीवर झेंडूची सुकलेली माळ. 'कारंजा' मात्र आजवर एकीवरही दिसलं नाही.

आणि याच नावाच्या दोन मोठ्या आगबोटी एकेकाळी मुंबईहून पूर्व आफ्रिकेला जात! दोन्ही 'ब्रिटिश इंडिया' या जहाज कंपनीच्या, दोन्ही ग्लासगोत बांधलेल्या. पहिली १९३१ची. महायुद्धात ती सैन्य वाहायला घेतली आणि नोव्हेंबर १९४२मध्ये अल्जीरियातल्या बूझी बंदरात बॉम्बहल्ल्यात बुडाली. बुडालेलं नाव म्हणून कंपनीने ते टाकलं नाही. १९४८मध्ये नव्या बोटीला तेच ठेवलं, आपल्याकडे नातवाला आजोबांचं ठेवतात तसं. ही दुसरी मोंबासा, दार-एस-सलाम करत दक्षिण आफ्रिकेतलं डरबन गाठायची. डेकच्या उतारूंचा संसार ट्रंक आणि वळकटीत. १९७६मध्ये भारत सरकारच्या शिपिंग कॉर्पोरेशनने ती घेतली, 'नानकौरी' असं नाव दिलं आणि अंदमानला लावली. पुढे अंदमानच्या फेऱ्यांवर आणखी एक 'नानकौरी' आली. नाव बदलूनही जुळ्याचं नशीब सुटलं नाही.

ब्रिटिश नोंदणीत एका वेळी एक नाव एकाच जहाजाला मिळे. 'क्वीन मेरी' हे नाव आधी स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीवरच्या १९३३च्या छोट्या आगबोटीचं. अटलांटिकच्या अजस्र जहाजाला ते हवं झालं, तेव्हा १९३५मध्ये धाकटी 'क्वीन मेरी दुसरी' झाली. मोठ्यासाठी सरकून बसणं तिथेही चुकलं नाही.

आपल्या नौदलाने उरणचं हे बेट लक्षात ठेवलं. पहिली 'करंज' पाणबुडी १९६९ ते २००३ होती, दुसरी २०२१मध्ये मुंबईतच दाखल झाली. पण पाणबुडीत आम्हाला कोण बसू देणार?

म्हणून मागणी साधी आहे. मुंबईच्या पाण्यात यापुढे जी प्रवासी बोट उतरेल, तिला इंग्रजी अक्षरं आणि आकडे चिकटवण्यापेक्षा 'कारंजा' म्हणा. आत, तिकीट तपासतात तिथे, एक पितळी पाटी लावा, मजकूर मराठीत. दोन्ही आगबोटींची सालं तेवढी नीट कोरून घ्या. नाहीतर बुडाली ती कोणती आणि 'नानकौरी' झाली ती कोणती, हे आम्हाला धक्क्यावर भांडूनच ठरवावं लागेल.

आपला,
कारंजा–रेवस लाँचचा एक उतारू