गिरनारची दोन तिकिटं मी रद्द केली

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा रात्री बंगलोरला सुखरूप पोचले. चकली एकही मोडली नाही, अनारसे मात्र गाडीतच संपले. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आई "मी अगदी बरी आहे गं" म्हणते आणि बाबा "थांब, आईशी बोल" म्हणून फोन तिच्याकडे देतात. म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

जे करून बसलेय ते आधी सांगते. दत्तजयंतीच्या गिरनार यात्रेतली तुमची दोन्ही तिकिटं मी रद्द केली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी यात्रेच्या काकांना मीच फोन केला. आगाऊ भरलेल्या पैशांतले निम्मे परत येतील, उरलेले मी बाबांच्या खात्यावर टाकलेत. तो विषय काढायचा नाही. तुम्हाला न विचारता केलं हे चुकलंच. पण विचारलं असतं तर आई म्हणाली असती, "दत्त नेईल वर, तू नको काळजी करू." त्यापुढे मला एक शब्द बोलता आला नसता, हेही मला ठाऊक आहे.

आई, गिरनारचा तो नवस तू माझ्यासाठी बोललीस. त्या वर्षाबद्दल आपण तिघंही कधी बोलत नाही, इथेही लिहीत नाही. पण जिच्यासाठी तू शब्द दिलास तीच आडवी आली, हे तो फोन केल्यापासून माझ्या छातीवर बसलंय. रागव, दोन दिवस बोलू नकोस, चालेल. पण का केलं ते ऐक.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी झेंडू राहिला म्हणून तू खाली निघालीस. मी दारात आकाशकंदील लावत होते. तू जिन्यावरून तिरकी उतरत होतीस. दर पायरीला आधी उजवा पाय, मग डावा त्याच पायरीवर, मग पुन्हा उजवा. एका हातात कठडा, दुसऱ्या हाताने निऱ्या वर धरलेल्या. वळणावर तू मला पाहिलंस, आणि पुढच्या चार पायऱ्या एकदम सरळ, भरभर उतरलीस. त्या चार पायऱ्या बघून माझ्या पोटात कालवलं. सहावीत असताना पेपर लपवायला मी असंच करायचे, आणि तू असंच ओळखायचीस.

मग मी आठवडाभर बघत राहिले. देव्हारा जमिनीवरच्या चौरंगावरून कपाटावर गेलाय. मला सांगितलंस, "खाली धूळ फार येते." अभ्यंगस्नानाला पाटावर बसणं टाळलंस, "तुम्हीच बसा, मला घाई आहे." मेथी निवडायला जमिनीवर न बसता डायनिंगच्या खुर्चीत बसलीस, आणि उठताना टेबलाच्या कडेवर दोन्ही हातांनी जोर दिलास. पहाटे उठल्यावर गॅसपर्यंत भिंतीला धरून जातेस. दहा-पंधरा मिनिटांत पाय सुटतात, मग दिवसभर तू आपली नेहमीची. नाटकाला तीन तास बसून उठलीस तेव्हा पहिली दहा पावलं तशीच गेली. आणि श्रावणापासून पर्वती बंद. "देवाला घरूनही हात जोडता येतात." आई, तू पर्वती सोडतेस म्हणजे काय, हे बाबांना नाही तरी मला कळायला हवं होतं. मी श्रावणात आले असते तर तेव्हाच कळलं असतं. आले नाही, हे माझ्या मनात राहतंच.

गुडघ्याची झीज सुरू होते तेव्हा माणूस "दुखतंय" म्हणत नाही, आधी सवयी बदलतो. पाट सोडतो, मांडी सोडतो, बाजाराची पिशवी अर्धी भरतो, आणि प्रत्येक गोष्टीला दुसरंच कारण देतो. इथल्या डॉक्टरांकडे मी गेले होते, तुझं नाव न सांगता सगळं सांगितलं. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला विसरता येत नाही. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला नसाच, म्हणजे दुखणं कळवणारे मज्जातंतूच, नसतात. ती झिजायला लागली तरी ती स्वतः दुखत नाही. दुखायला लागतं ते तिच्या आजूबाजूचं, आणि तोवर झीज बरीच आधी सुरू झालेली असते. तिच्यात रक्तवाहिन्याही नसतात, म्हणून जखमेसारखी ती भरून येत नाही. सांध्यातल्या पाण्यातून तिला पोषण मिळतं, आणि ते मिळण्यासाठी गुडघा हलावा लागतो. भार पडतो तेव्हा स्पंजासारखी दाबली जाते, सुटते तेव्हा पाणी शोषून घेते. म्हणून "आता गुडघ्याला विश्रांती" हे शेजारच्या काकूंचं म्हणणं ऐकायचं नाही. सपाटीवर चालणं त्याच्या भल्याचं आहे. जिना मात्र उतरताना जास्त त्रास देतो, कारण शरीराचा भार मांडीच्या स्नायूंनी सावरत हळूहळू खाली सोडावा लागतो.

आता गिरनार. वर जायला सुमारे दहा हजार पायऱ्या. मला माहीत आहे, बाबा म्हणतील की 2020 पासून रोपवे आहे. आहे, पण तो अंबाजीपर्यंतच जातो. पुढे गोरखनाथाच्या शिखरावर चढायचं, तिथून खाली उतरायचं, आणि मग पुन्हा दत्तशिखर चढायचं. परत येताना तेच सगळं उलट. म्हणजे तुला जे सगळ्यांत जड जातं ते उतरणंच हजारो पायऱ्यांचं. तेही दत्तजयंतीच्या गर्दीत, पहाटेच्या अंधारात, थंडीत, मागून लोक ढकलत असताना. मला ते डोळ्यांसमोर आणवत नाही. आणि आई, आजीची खिडकीतली खुर्ची मला आठवते. ती जिना उतरायची कधी थांबली, हे आपल्यापैकी कुणालाच नेमकं सांगता येत नाही. एकदा गुरुवार चुकला, मग महिना, मग ती खुर्ची. तिला कुणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

घाबरू नका. हे आत्याचं दुखणं नाही असं मला वाटतंय. तिची बोटं दोन्हीकडे सारखीच सुजायची, आणि सकाळचा ताठरपणा तासभर, कधी दुपारपर्यंत राहायचा. तो आमवात. तुझा दहा-पंधरा मिनिटांत सुटतो, बोटं चांगली आहेत, अंगठीही सहज निघते, मी मुद्दाम पाहिलं. तरी डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली तर करून घ्यायची. गुडघ्यातून येणाऱ्या कटकट आवाजाचीही काळजी नको. नुसता आवाज आला, दुखलं नाही, तर त्यात काही नाही.

बाबा, आता तुमच्याशी. औषधांच्या डब्यात आईच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी दुखण्याच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी सापडली. तुम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणता. प्रेमाने आणता, ते मला कळतं. ती रात्री कण्हली की तुम्हाला झोप येत नाही. पण त्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर आणि पोटावर ताण येतो, आणि ती आधीच बीपीच्या औषधावर आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी नाही. ती पट्टी मी पिशवीत घालून घेऊन आले, शोधू नका. वरून लावायचं मलम चालेल का ते शनिवारी विचारा. गोळीपेक्षा ते पोटाला पुष्कळ सौम्य असतं. तिळाचं तेल चोळायचं असेल तर खुशाल चोळा, शेक द्या. तिला त्याने बरं वाटतं, तेवढं पुरे. झीज त्याने भरून येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

हो, शनिवारी. अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घेतलीय. आई, हे ऑपरेशनसाठी नाही, आधीच सांगते. शिवाजीनगरला संचेती चौकातून, त्या हाडांच्या हॉस्पिटलवरून, रिक्षा वळली तरी तू पदर घट्ट करतेस, मी पाहिलंय. वाटी बदलायची वेळ तुझी आलेली नाही, आणि ती येऊ नये म्हणूनच आता जायचं. एक्स-रे उभं राहून काढतात का, हे दादाला विचारायला सांगितलंय. उभ्याने काढला तरच दोन हाडांमधलं अंतर भाराखाली किती उरलंय ते दिसतं. आणि फोटोत काहीही दिसलं तरी खचू नकोस. फोटो वाईट आणि माणूस ठणठणीत, किंवा त्याच्या उलट, दोन्ही घडतं.

घरातलंही थोडं बदलतेय. बुधवारी प्लंबर येईल, मोरीशेजारच्या संडासात कमोड बसवेल आणि भिंतीला धरायला दांडा लावेल. बाबा, तुम्ही म्हणाल की इतकी वर्षं गेली. गेली, पण आता उकिडवं बसून उठणं तिला सोसत नाही, आणि चार वर्षांनी तुम्हालाही तो दांडा लागेल. देव्हारा मात्र कपाटावरून खाली येऊ दे. सुताराला कमरेइतक्या उंचीचा कट्टा करायला सांगितलाय, समोर खुर्ची. खुर्चीत बसून पूजा केली तर देव रागावत नाही. हे तूच मला आजीच्या बाबतीत सांगितलं होतंस. फरशी पुसायला मावशी आठवड्यातून तीनदा येतील. त्यांच्या आधी तू पुसून ठेवू नकोस. चहाची वेळ, सकाळचा पेपर, मंडईचा वार, यात कुठेही हात लावत नाही. मंडईत फक्त पिशव्या दोन आणि दोन्हींत सारखं वजन, एका हाताला सगळं लटकवायचं नाही.

वजनाचं लिहू की नको, दोन वेळा खोडलं. तू एकाहत्तर किलो आहेस. एक किलो कमी झालं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. म्हणजे चार किलो उतरवलंस तर पावलागणिक सोळा. उपाशी राहू नकोस, मला तेच नकोय. फक्त सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यातलं उरलेलं "वाया नको" म्हणून तू संपवतेस, ते थांबव. उरू दे.

आणि रोज पलंगावर पाय लांब करून बस. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, ती गुडघ्याने खाली दाब, पाचपर्यंत मोज, सोड. दहा वेळा, दोन्ही पाय, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्याचा ताण तो वाटून घेतो. फिजिओथेरपिस्ट आणखी शिकवतील. बाबा मोजतील. चुकले तर पुन्हा एकपासून.

मोजण्यावरून आठवलं. मी शंभरापर्यंत आकडे शाळेत नाही, पर्वतीवर शिकले. एकशेतीन पायऱ्या. तुझं बोट धरून एक, दोन, तीन. शंभर झाले की मी थांबायचे, कारण पुढचं येत नव्हतं, आणि तू म्हणायचीस, "उरलेल्या तीन देवाच्या." तीच तीन मी नंतर एकेका परीक्षेला मोजल्यात. आता तुला तसं करायचंय. या महिन्यात पायथ्यापर्यंत चालत जा, वर नको. पुढच्या महिन्यात डॉक्टर हो म्हणाले तर दहा पायऱ्या, मग वीस. संक्रांतीला मी येतेय, रजा टाकलीय. तेव्हा जिथवर झालं असेल तिथे बसू, मी तिळगूळ घेऊन येईन. गिरनार पुढच्या वर्षी. रोपवेने अंबाजीपर्यंत, पुढे डोली करू, दत्तापर्यंत तुला पोचवते. मी बरोबर येणार. नवस माझा होता, तर फेडायलाही मी हवी.

एवढंच लक्षात ठेवा: गुडघा लाल, गरम होऊन एकदम सुजला, बरोबर ताप आला, पाय टेकवेना, किंवा पोटरी सुजून दुखायला लागली, तर शनिवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

दादा शनिवारी सव्वादहाला गाडी घेऊन येईल. साडीऐवजी सैल पायजम्याचा ड्रेस घाल, गुडघा दाखवायला बरं पडतं. जुन्या गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये ठेव, आणि "काही नाही, थोडं आखडतं" असं सांगून डॉक्टरांकडून परत येऊ नकोस. जिना मला दाखवला नाहीस तसा त्यांच्यापासून लपवू नकोस. उतरताना दुखरा उजवा पाय आधी, हात कठड्यावर. हे तुझ्या पायाला आपोआप कळलंय, आणि ते बरोबरच आहे. कुणी बघतंय म्हणून भरभर उतरू नकोस. दादा खाली थांबेल, कितीही वेळ लागू दे.

तुमची,
मनू