टक्क्यांच्या आधीचा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन माजी सैनिक भेटले आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुला किती टक्के लागले?" परंतु लष्करातून बाहेर पडताना बसणारे मेडिकल बोर्ड टक्केवारीच्या आधी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर नोंदवते, ते म्हणजे हा आजार सेवेमुळे झाला काय, किंवा सेवेमुळे बळावला काय. दोन्ही ठिकाणी 'नाही' पडले, तर पुढे लिहिलेल्या टक्क्यांना पैशाच्या हिशेबात काहीच किंमत उरत नाही.

माझे थोरले बंधू २२ वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत घडी घालून ठेवलेला बोर्डाचा कागद मी यंदा दिवाळीत प्रथमच नीट वाचला. आजार उच्च रक्तदाब, अपंगत्व ३० टक्के, तेही कायमचे, आणि वरच्या दोन्ही प्रश्नांपुढे 'नाही'. कारणाच्या जागी इंग्रजीत जेमतेम अर्धी ओळ असून तिचा अर्थ 'आजार मूळ प्रकृतीतलाच' एवढाच होतो. भरतीच्या तपासणीत रक्तदाब व्यवस्थित होता, नंतर लडाखच्या उंचीवर दोन हिवाळे काढले आणि तिथून खाली आल्यावर गोळी सुरू झाली, यातले एक अक्षरही त्या कागदावर नाही. खाली मात्र बंधूंची सही आहे. "सगळेच सही करत होते, घरी यायची घाई होती," असे ते म्हणाले. दावा नामंजूर झाल्याचे पत्र आले, तेव्हा त्याविरुद्ध सहा महिन्यांत अपील करता येते हेही त्यांना कोणी समजावून सांगितले नाही.

अशी अर्धी ओळ पुरेशी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही, त्या बाबतीत जवान तेव्हा निरोगी होता असे धरून चालावे, आजार सेवेशी निगडित नसल्याचे म्हणायचे असेल तर बोर्डाने त्याची कारणे लिहावीत आणि वाजवी शंका असल्यास तिचा फायदा जवानाला द्यावा, असा अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या १९८२ च्या नियमांचा अर्थ न्यायालयाने लावला. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले असले, तरी त्याआधी बाहेर पडलेल्या असंख्य जवानांच्या कागदांवर ही अर्धी ओळ तशीच आहे.

पैशाचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. शंभर टक्के अपंगत्वाला निवृत्तिवेतनाचा अपंगत्वापोटीचा भाग म्हणून शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते आणि त्याखाली त्या प्रमाणात. मात्र २० ते ४९ टक्क्यांपर्यंतचे अपंगत्व ५० टक्के धरले जाते, आणि मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही ही सवलत लागू होते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात लागला. म्हणजे ४०,००० रुपये वेतनावर ३० टक्क्यांचे ३,६०० रुपये होतात, ते ५० टक्के धरल्यावर ६,००० होतात. मुदत पुरी केलेल्याला १९ टक्के लागले तर हा भाग मुळीच मिळत नाही. शिवाय दोन आजार असतील तर त्यांच्या टक्क्यांची सरळ बेरीज करत नाहीत, एकत्रित टक्केवारी वेगळी काढतात. एवढे सगळे बोर्डापुढे उभ्या असलेल्या शिपायाने स्वतःच जाणून घ्यावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे, परंतु वकील लावून तिथे जाणे ही शेवटची पायरी असावी. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही अपंग सैनिकांविरुद्ध सरकारने लढवलेल्या अपिलांवर परखड टीका केली होती. माझे मागणे त्याहून साधे आहे. सही घेण्यापूर्वी बोर्डाचा निष्कर्ष जवानाला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने आठवड्यातून एक दिवस असे जुने कागद तपासून अपिलाचा मसुदा करून द्यावा.

आमचे अपील उशिराचे कारण नमूद करून गेल्या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने गेले. सोबत बंधूंच्या नेमणुकांची वर्षवार यादी जोडली आहे. ज्यांच्या घरी असा कागद पडून असेल, त्यांनी तो एकदा बाहेर काढून टक्क्यांच्या आधीचा रकाना जरूर वाचावा.

– एका माजी सैनिकाचा भाऊ, जि. सातारा