लेबर रूममधले शब्द बदलणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्या आम्ही सगळ्याजणी, कुणी फिजिओथेरपिस्ट, कुणी स्टाफ नर्स, हे पत्र मिळून लिहितो आहोत. संमोहन आणि शिथिलीकरणाचं तंत्र प्रशिक्षणात शिकता येतं. पण कळा सोसणाऱ्या बाईच्या कानापर्यंत ते कोणत्या शब्दांत पोचतं, हे तुमच्याकडून कळलं. त्याबद्दल मनापासून आभार.

सगळ्यात आधी आभार एका खोडलेल्या वाक्याचे. 'दुखणार नाही' हे तुम्ही संमोहनात बाईला ऐकवायच्या आमच्या सूचनांतून काढून टाकलंत. ऐकणारीच्या मनात त्यातला 'दुखणार' एवढाच शब्द उरतो, आणि पहिली जोराची कळ आली की सांगणारीवरचा विश्वास उडतो. त्या जागी तुम्ही लिहिलंत, 'कळ येते, चढते, टोकाला पोचते, उतरते.' यातलं काहीच खोटं नाही. भरात आलेली कळ साधारण मिनिटभर टिकते. चार मोजेपर्यंत श्वास आत घेतला आणि सहा मोजेपर्यंत बाहेर सोडला, तर एका कळेत सहा श्वास बसतात. म्हणून 'अजून किती वेळ?' या प्रश्नाला 'हा चौथा श्वास, आता उतार लागला' असं उत्तर देता येतं. तासांचा हिशोब कुणालाच सांगता येत नाही, श्वासांचा मात्र येतो.

'पिशवीचं तोंड अजून दोनच बोटं उघडलंय.' 'आत्ताच एवढं ओरडतेस, मग पुढे काय करशील?' ही वाक्यंसुद्धा सूचनाच असतात, फक्त उलट्या दिशेच्या, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत. कळांमध्ये बाईचं लक्ष आक्रसतं, आजूबाजूचं धूसर होतं आणि कानावर पडलेलं खोल जातं. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक वाढतं, अंग आखडतं, कळा मंदावू शकतात. भीती, ताण, वेदना हे चक्र ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडलं होतं. ते पुस्तकातून लेबर रूमच्या रोजच्या बोलण्यात आणणं हे वेगळं काम आहे, आणि ते तुम्ही केलंत.

सरावाबाबत तुम्ही कडक होतात, ते बरंच झालं. बत्तिसाव्या आठवड्यापासून रोज पंधरा-वीस मिनिटं. शेवटच्या महिन्यांत शवासनात उताणं पडायचं नाही, कारण भरलेलं गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबून चक्कर येऊ शकते. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. पायापासून वर एकेक भाग पाच सेकंद आवळायचा आणि दहा-पंधरा सेकंद सोडायचा. पाऊल आवळताना बोटं पुढे ताणली की पोटरीत गोळा येतो, म्हणून बोटं स्वतःकडे वळवायची. ही बारीकशी गोष्ट सांगायची राहिली, तर पोटरीत एकदा गोळा आलेली बाई दुसऱ्या दिवशी सराव सोडून देते.

सरावाच्या शेवटी सोबतीणीनं खांद्यावर तळवा ठेवायचा आणि श्वास बाहेर जाताना हळूच म्हणायचं, 'सैल'. रोज तोच तळवा, तोच शब्द. महिनाभरात हात लागताच खांदा आपोआप खाली येऊ लागतो, आणि कळेत उपयोगी पडते ती ही सवय. मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगवर सगळी भिस्त ठेवली की घोटाळा होतो. बॅटरी संपते, आवाज गोंगाटात हरवतो, आत फोन नेऊ देत नाहीत. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला २०१६ पासून केंद्राची मुभा आहे, पण रात्री आई आणि सकाळी जाऊ असं होतंच. म्हणून दोघींनाही वर्गाला बोलावण्याचा तुमचा आग्रह होता. आता आम्हीही तो धरतो.

गर्भाशयाचं तोंड आठ सेंटिमीटरच्या पुढे उघडलं की समुद्र, झाडं, जिना असली लांबलचक वर्णनं थांबवायची, हेही तुमचंच. तेव्हा बाईला वाक्य पेलत नाही. दात सुटे, खांदे खाली, मुठी उघड्या, बस्स. श्वास भरभर होऊन ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. अशा वेळी 'खोल श्वास घे' म्हटलं की ती आणखी हवा ओढते. 'बशीतल्या चहावर फुंकर घाल' म्हटलं की उच्छ्वास आपसूक लांबतो. कळ कंबरेतच बसली असेल तर नुसत्या शब्दांनी भागत नाही. माकडहाडाच्या वर तळव्याच्या टाचेनं, ती सांगेल तेवढा जोर लावून, कळ उतरेपर्यंत दाबून धरायचं.

'वेदनारहित' हा शब्द तुम्ही वर्गाच्या फलकावर कधी लिहू दिला नाहीत, याचे खास आभार. फर्नांड लामाझ या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञांनी १९५१ साली सोव्हिएत संघात पाहिलेली पद्धत पॅरिसला नेली, तेव्हा ती वेदनेविना बाळंतपण या नावानं गाजली. अशा नावाचं ओझं शेवटी बाईवरच येतं. दुखलं की तिला वाटतं, आपलंच चुकलं. २०१६ साली नऊ चाचण्यांचा, जवळपास तीन हजार स्त्रियांचा एकत्रित आढावा निघाला. संमोहन शिकलेल्यांना एकूण वेदनाशामकं कमी लागली, एपिड्युरलच्या, म्हणजे पाठीत सुई टोचून द्यायच्या भुलीच्या, वापरात मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणून एपिड्युरल मागणारीला 'हरलीस' असं वाटू द्यायचं नाही. सुई टोचताना पाठ वाकवून, कळ आली तरी न हलता बसायचं असतं, तिथेही तेच सहा श्वास कामी येतात.

तुमचे दोन इशारे आम्ही कपाटाच्या दारावर चिकटवले आहेत. पहिला, बाई शांत आहे म्हणून तपासणी लांबवायची नाही. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला आणि जोर करण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ऐकायचेच. दुसरा, सगळंच श्वासावर सोसायचं नसतं. अंगावरून भळाभळा जाणं, हिरवट पाणी, दोन कळांच्या मधेही न थांबणारं दुखणं, डोकेदुखीसोबत अंधारी, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर लगेच सांगायचं. मनोविकृतीचा आजार होऊन गेलेल्या बाईला मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय संमोहन द्यायचं नाही, हे त्याखाली तुमच्याच अक्षरात आहे.

आणि टाके. वार पडली, बाळ रडलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं आणि बाई टेबलावर पाय आखडून एकटी उरते. भूल देणारं इंजेक्शन तर द्यायचंच, ते लागू व्हायला दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि तेवढ्यात कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून 'सैल' म्हणायचं. सोबतीण बाळाजवळ गेली असेल तर आपण म्हणायचं. आमच्या वर्गाच्या टिपणांत हा भाग नव्हता. आता आहे, तुमच्यामुळे.

कृतज्ञतेने,
प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्या आम्ही सगळ्याजणी