गेल्या वर्षीची नवी गाडी : आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेली दोन्ही कोटेशन्स मी नीट वाचली. एक गाडी चालू वर्षातली, दुसरी गेल्या वर्षाअखेरीस तयार होऊन अजून विक्रीविना उभी असलेली; मॉडेल तेच, आणि दुसरीवर सवलत. माझे मत विचाराल तर तुम्ही दुसरीच घ्यावी, मात्र काही गोष्टी पाहिल्याखेरीज आगाऊ रक्कम भरू नये.

नवी म्हणून घ्यायची आणि जुनी गळ्यात पडायची, ही आईची शंका रास्त आहे. गाडी विकायला काढली की घेणारा पहिल्यांदा उत्पादनाचे वर्ष विचारतो. डिसेंबरात तयार झालेली आणि जानेवारीत तयार झालेली गाडी यांत अंतर एका महिन्याचे असले, तरी किंमत ठरवताना ते वर्षाचे धरले जाते. दोन-तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला हा फटका चांगलाच जाणवतो आणि त्याची सवलत बहुतेक त्यातच जिरते. पण तुम्ही गाडी चांगली दहा-बारा वर्षे वापरता, आणि तेवढ्या जुन्या गाडीच्या किमतीत एका वर्षाने फारसा फरक पडत नाही. सवलत मात्र आज हातात येते. फक्त ती खरी किती, हे छापील किमतीवरून ठरवू नका. चालू वर्षाच्या गाडीवरही काही ना काही सूट असतेच, म्हणून कर, विमा आणि नोंदणी धरून दोन्ही गाड्यांची अंतिम रक्कम लिहून घ्या. त्या दोन रकमांतला फरक हीच खरी सवलत. सीट कव्हर आणि मॅट फुकट देतो म्हटले तर नम्रपणे नको म्हणा आणि तेवढी किंमत कमी करून मागा.

आता उभ्या गाडीविषयी, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. गाडी चालली नाही म्हणजे झिजली नाही, असे होत नाही. बॅटरी हळूहळू आपोआप उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग ती चार्ज होते, पण पूर्वीसारखी टिकत नाही. गाडी काही तास बंद असताना बारा व्होल्टच्या बॅटरीचे माप साधारण १२.६ भरायला हवे. ते १२.४ च्या खाली असेल, तर गाडी ताब्यात घेण्याआधी नवी बॅटरी मागावी. टायर एकाच जागी दबून राहिले की चपटे होतात, आणि वेग घेतल्यावर स्टीअरिंगला थरथर जाणवते. बाबांनी टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीतले चार आकडे पाहावेत : ३८२४ असे असेल, तर तो टायर २०२४ सालच्या अडतिसाव्या आठवड्यात बनला आहे. चारही टायर पाहा, स्टेपनीसुद्धा. इंजिन ऑइल गाडी न चालताही जुने होते, त्यामुळे पहिली सर्व्हिस किलोमीटरवर न ठेवता लवकर करून घ्यावी.

वॉरंटी साधारणपणे विक्रीच्या तारखेपासून सुरू होते, पण ती तारीख लेखी घ्या. गाडी आधी कोणाच्या नावावर नोंदली गेली आहे का, डेमोसाठी फिरवली आहे का, हेही विचारा. तसे असेल तर ती नवी गाडी नव्हेच, आणि मग हा सगळा हिशेब बदलतो.

एका बाबतीत मात्र मी सवलतीकडे पाहणार नाही. दोन्ही गाड्यांच्या त्याच व्हेरिएंटची माहितीपत्रके शेजारी ठेवून एअरबॅग किती आहेत, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली तर तिला सावरणारी यंत्रणा) आहे का आणि चालकाच्या सीटची उंची कमी-जास्त करता येते का, एवढे तपासा. यातले काही फक्त नव्या गाडीत असेल, तर नवीच घ्या. वरचे पैसे मी भरेन आणि त्यावर वाद नको. आईचे गुडघे पाहता तिने दोन्ही गाड्यांत स्वतः चार-पाच वेळा बसून-उतरून पाहावे, विक्रेत्याला घाई असली तरी.

उत्पादनाचा महिना आणि चासी क्रमांक असलेल्या पट्टीचा, टायरच्या आकड्यांचा आणि ओडोमीटरचा फोटो मला पाठवा. ते पाहून मी विक्रेत्याशी स्वतः बोलेन. तोवर बुकिंगची रक्कम देऊ नका.

तुमची लेक